चार वर्षं 'सायनस' म्हणून काढली, निघाला दात: शरणपूर रोडच्या कान-नाक-घसा दवाखान्याचा अनुभव

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ३४. चार वर्षं माझी डावी नाकपुडी चोंदलेली होती. उजवी कायम मोकळी. बागेत गंधकाची धुरळणी असते, फवारणी असते, म्हणून घरादाराने सगळं त्याच्यावर ढकललं आणि मलाही ते पटलं. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे बॅटरी मारून बघितलं, सायनस आहे म्हणाले, स्प्रे दिला, गोळ्यांचा कोर्स दिला. आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

गेल्या पावसाळ्यात डावीकडून पिवळा, घाण वासाचा शेंबूड यायला लागला. कधी रक्ताची रेघ असायची. घरची काही बोलली नाही, पण माझ्या उशीचा अभ्रा रोज धुवायला लागली. ते बघितलं आणि ऑक्टोबर छाटणी भावावर सोपवून नाशिक गाठलं.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "दोन्हीकडून की एकाच बाजूने?" एकाच बाजूने म्हटल्यावर त्या लिहायच्या थांबल्या. ॲलर्जीची धूळ दोन्ही नाकपुड्यांत जाते, त्रास एकीकडेच असेल तर आत काय आहे ते बघितल्याशिवाय औषध देणार नाही, म्हणाल्या. नाकात औषधाचा बोळा ठेवून दहा मिनिटं बसवलं, मग दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर मलाही दिसत होतं. तळाशी खपल्या, त्यात लालसर मांस, आणि मधून डोकावणारं काहीतरी पांढुरकं. मॅडमनी सळईने हळूच टोचलं तर टणक लागलं. मला ते आत, थेट वरच्या दातांत जाणवलं.

लहानपणी नाकात मणी किंवा चिंचोका अडकला तर त्याच्यावर क्षार साचून खडा बनतो, तसा असेल किंवा दात असेल, सीटी स्कॅनवर कळेल, असं त्यांनी सांगितलं. स्कॅन बाहेरच्या सेंटरला केला. मॅडमनी तो शेजारी बसवून समजावला, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. नाकातली ती वस्तू माझ्या बाकीच्या दातांइतकीच पांढरीशुभ्र होती आणि तिच्या मधोमध काळी रेघ. ती रेघ म्हणजे दाताच्या आतला मऊ गर. खड्याला तसा गर नसतो. माझे ३२ दात मोजून झाले होते, म्हणजे हा तेहतिसावा. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये कधी कधी जास्तीचा दात तयार होतो. तो उलटा बसला तर खाली तोंडात यायचं सोडून वर नाकाकडे वाढतो. टाळू फाटलेला होता का, लहानपणी तोंडावर आपटला होतात का, हेही विचारलं. माझं तसं काही नव्हतं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही.

मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या की न्यूयॉर्कमध्ये ३८ वर्षांच्या एका माणसाच्या नाकातून १४ मिलिमीटरचा दात काढला होता, २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याची माहिती आली होती. त्यालाही वर्षानुवर्षं एकाच नाकपुडीने श्वास घेता येत नव्हता. ऐकून छाती हलकी झाली.

आधी दातांच्या डॉक्टरांचं मत घेतलं, मग पूर्ण भूल देऊन नाकातूनच दुर्बिणीने दात काढला. चेहऱ्यावर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पुढे तीन आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं होतं, त्याचा कंटाळा करू नये. दात बाटलीत घालून दिला. लहान पोराच्या पडलेल्या दाताएवढा, पण निमुळता, पिवळट, एका बाजूला काळपट किटण. आईने तो उन्हात धरून बराच वेळ बघितला.

तक्रारी सांगतो. नंबर सकाळी ११ चा असून आत जायला दीड वाजला. बसायला आठच खुर्च्या, म्हातारी माणसं जिन्यात उभी असतात, आणि लिफ्ट नाही. कॅशलेस विमा चालत नाही. पैसे आधी भरावे लागले, नंतर कागद देऊन परत मिळवले. पण खर्चाचा आकडा ॲडमिट होण्याआधी लिहून दिला होता आणि बिल त्याच्यावर एक रुपयाही गेलं नाही.

तीन महिन्यांनी तपासणी झाली, जागा भरून आली आहे. ज्यांची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद आहे किंवा एकाच बाजूने घाण वास येतो, त्यांनी दुर्बिणीने तपासा म्हणून आग्रह धरावा, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं बरोबर न्या, मॅडम एकेक कागद वाचतात. दिंडोरी-वणीकडून एसटीने येणाऱ्यांनी सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून चालत यावं, रिक्षाची गरज नाही.