मॉलचं दिव्यांग पार्किंग: आखणी चांगली, राखण शून्य

पुण्यातल्या या मॉलच्या तळघरातल्या दिव्यांग पार्किंगला पाचपैकी दोन तारे, तेही फक्त आखणीसाठी. लिफ्टला लागून दोन जागा, प्रत्येकी ३.६ बाय ५ मीटर, जमीन सपाट. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते तसंच.

घोळ पुढे आहे. साधी जागा अडीच मीटरच्या आसपास रुंद असते. इथला जास्तीचा मीटरभर पट्टा, तिरप्या पिवळ्या रेघांचा, रिकामा दिसतो म्हणून लोक त्यात स्कूटर घुसवतात. पण गाडीतून उतरताना आधी दार पूर्ण उघडावं लागतं, मग व्हीलचेअर सीटला तिरपी लावून तिचे ब्रेक लावायचे आणि मग अंग सरकवायचं. दार अर्धवटच उघडलं की खुर्चीचं पुढचं चाक दारातच अडतं आणि माणूस आत बसून राहतो. ‘दोनच मिनिटं’ लावलेली स्कूटर म्हणजे अख्खी जागा अडवणंच. परतताना तर आणखी वाईट: स्वतःच्याच गाडीत शिरता येत नाही.

सुरक्षारक्षक मधोमध नारिंगी शंकू ठेवतात. एकटा गाडी चालवत आलेल्या व्हीलचेअरवाल्याने तो हलवायचा कसा? तिथे माणूस हवा, निदान शनिवार-रविवारी संध्याकाळी. चिन्हही फक्त जमिनीवर रंगवलंय. गाडी उभी राहिली की झाकलं जातं. समोरच्या भिंतीवर पाटी लावा. आणि तपासताना अंगाकडे बघून ठरवू नका, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघा; कृत्रिम पाय पँटखाली दिसत नाही.