फ्लास्क भारी, पण लवकर गार होईल तर शपथ! (हाय-टेंपरेचर लॉगिंग टूल, काही महिन्यांच्या वापरानंतर)

केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनमधे काही तेल-वायूच्या विहिरींच्या तळाला २०० अंशांच्या वर टेंपरेचर जातं, नेहमीचं इलेक्ट्रॉनिक्स १५०-१७५ लाच नांगी टाकतं, त्यामुळे विहिरीत सोडून मोजमाप घेणाऱ्या टूलला फ्लास्कशिवाय (थर्मॉससारखं, भिंतीत व्हॅक्यूम असलेलं कवच) गत्यंतर नाही. स्पेक्स लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहितीच आहेत.

पहिली चीड ब्रोशरची. इतके तास टिकेल म्हणून जो ग्राफ दिलाय तो टूल बंद ठेवून काढलेला! अरे बाबा, टूल खाली सोडतो ते चालवायलाच ना? चालू टूलची स्वतःची उष्णता आतच कोंडते, व्हॅक्यूम काय, जाणारी-येणारी दोन्ही अडवतं.

पण खरा ताप रन संपल्यावर. हीट सिंकमधलं (टूलची उष्णता शोषणारा आतला भाग) वूड्स मेटल, म्हणजे लवकर वितळणारा मिश्रधातू, ७० अंशांच्या आसपास वितळतं, वितळता वितळता उष्णता पितं, तोवर आतलं टेंपरेचर जागच्या जागी, स्क्रीनवर रेघ आडवी, बघून बरं वाटतं. सगळं वितळलं की रेघ सुसाट वर. टूल वर काढलं की बाहेरचं हाऊसिंग लगेच हाताला गार लागतं, आत मात्र मेटल अजून पातळच. तसंच परत सोडलं तर हीट सिंक असून नसल्यासारखा. म्हणून दरवेळी कार्ट्रिज बाहेर ओढा, पेडेस्टल फॅनसमोर ठेवा, ओ-रिंग (सीलची रबरी रिंग) बदला, आणि रिगवाले डोक्यावर उभे, त्यांचं भाडं चालूच असतं.

एवढं लिहून ठेवलं होतं, मधे दुसऱ्या फ्लास्कने दगा दिला. त्याच विहिरीत आतलं टेंपरेचर भराभर चढलं, वर आल्यावरही हाऊसिंग बराच वेळ गरम, म्हणजे आतली उष्णता आरामात बाहेर येत होती. व्हॅक्यूम गेलेलं. तेव्हा गार होत नाही म्हणून बोंब मारतोय खरी, पण पटकन गार झाला असता तर जास्त बोंब मारली असती. रेटिंग एकाने वाढवतो.

सप्लायर म्हणतो तुम्ही आपटला असेल. कुठे पोचा नाही, ओरखडा नाही! तापलेल्या स्टीलमधून हायड्रोजन सुटतो, तो शोषायला आत गेटर असतो, तो भरला की व्हॅक्यूम बिघडतं, हे त्याला आम्ही सांगायचं? वर दुरुस्तीला परदेशात पाठवा, भाडं तुमचं.

घेणार असाल तर टूल चालू असतानाचा ग्राफ लेखी मागा, आणि जास्तीचा हीट सिंक त्याच ऑर्डरमधे घासाघीस करून घ्या, नंतर सुटा मागितला की भाव ऐकून घाम फुटतो.