कनेक्शन माझ्या नावावर, नेट अख्ख्या विंगला

नव्या फ्लॅटचा ताबा घेणाऱ्यांनी वाचावं म्हणून हे लिहिते आहे. आमच्या विंगमधल्या ३१ घरांचे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास रुपये गेले. शिवाय पैशांपेक्षा जास्त झोप उडवणारी एक गोष्ट माझ्या नावावर झाली होती आणि ती मला पाच महिने कळली नाही.

मोशीतल्या आमच्या इमारतीचा ताबा मिळाला आणि २०२५ च्या पाडव्याला, ३० मार्चला, आम्ही नव्या घरात दूध उतू घातलं. दोन दिवसांत सामान हलवलं. लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं, जिन्यात टाइल्सचे खोके, सकाळी नऊपासून कुठल्या ना कुठल्या मजल्यावर फर्निचरवाल्यांची कटिंग मशीन चालू. सोसायटी अजून स्थापन व्हायची होती, त्यामुळे पाण्यापासून डक्टच्या, म्हणजे केबली वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीच्या, किल्ल्यांपर्यंत सगळं बिल्डरच्या सुपरवायझरच्या हातात. मी शाळेत शिकवते, मिस्टर चाकणला नोकरीला, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्या नोकरीसाठीच्या कॅम्पस टेस्ट ऑनलाइन असणार, म्हणून गॅसच्या पाइपलाइनइतकीच घाई नेटची होती.

दोन मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर पत्ता टाकून बघितला. दोन्हीकडे उत्तर एकच, आपल्या भागात सेवा अजून उपलब्ध नाही. ब्रोशरमध्ये मात्र ‘हाय-स्पीड इंटरनेट’ असं छापलेलं होतं. करारनामा काढून वाचला तेव्हा त्यात फक्त ‘इंटरनेटसाठी प्रोव्हिजन’ असे शब्द सापडले. म्हणजे भिंतीतून हॉलपर्यंत आलेला एक रिकामा पाइप. तुम्ही अजून बुकिंगच्याच टप्प्यावर असाल तर हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीतल्या खोट्या विधानाबद्दल नुकसानभरपाई मागता येते, त्यामुळे ब्रोशर रद्दीत घालू नका.

३ एप्रिलला दुपारी तो आला. पंचविशीचा मुलगा, कमरेला अवजारांची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅमिनेट केलेलं प्लॅनचं पत्रक. “ताई, चाबी मिळाली का? अभिनंदन! या बिल्डिंगचं फायबर आमच्याकडेच आहे.” मी विचारलं, बिल्डरने नेमलंय का? त्याने माझ्यासमोर सुपरवायझरला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडून आवाज आला, “हो मॅडम, त्याला डक्ट उघडून दिलाय.” एवढंच. हे वाक्य खरं होतं. पण डक्ट उघडून देणं म्हणजे बिल्डरने नेमणं नव्हे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दोनशे एमबीपीएसचा प्लॅन, महिना ८०० रुपये, पण वर्षाचे एकदम भरायचे, ९,६००. फिटिंगचे १,५००, राउटरची अनामत १,५००. एकूण १२,६०० रुपये मी त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून दिले. पैसे गेले ते एका माणसाच्या नावावर, कंपनीच्या नव्हे. पावती मिळाली, रंगीत छापलेली, पण त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. ब्रॉडबँडच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि खऱ्या बिलावर १५ अंकी-अक्षरी क्रमांक असतो. तो तिथे नाही, एवढं बघितलं असतं तरी मी थांबले असते.

मग त्याने आधारची प्रत मागितली आणि म्हणाला, “केवायसीचा ओटीपी येईल, तेवढा सांगा.” मेसेज आला. त्यात एका मोठ्या कंपनीचं नाव होतं. मी विचारलं, हे नाव कसं काय? तो लगेच म्हणाला, “ताई, लाइन त्यांचीच असते, सर्व्हिस आम्ही देतो. सगळीकडे असंच असतं.” खरोखरच बऱ्याच ठिकाणी कंपनीचं काम स्थानिक केबलवाले बघतात, म्हणून मला ते पटलं. मेसेजमध्ये पुढे नवीन कनेक्शनच्या अर्जाबद्दल लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही. ओटीपी सांगून टाकला.

तासाभरात हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक पांढरी चौकोनी डबी बसली, तिच्यावर ‘फायबर’ असा स्टिकर. डबीतून राउटरपर्यंत निळी केबल. नेट चालू झालं. मुलाने स्पीड बघितला, ९४. दोनशे का येत नाही विचारलं तर म्हणाला, वायफायवर कमी दिसतं. मुलाने लॅपटॉपला थेट केबल लावून बघितलं, तरी ९४. पुन्हा बघितलं, ९५. हा आकडा नीट लक्षात ठेवा. दोनशेचा किंवा तीनशेचा प्लॅन असताना केबल लावूनही काटा ९४-९५ वरच अडकत असेल, तर मध्ये कुठेतरी शंभर एमबीपीएसचाच पोर्ट तरी आहे किंवा आठऐवजी चारच तारा जोडलेली लॅन केबल तरी. खरी फायबर थेट घरापर्यंत आली असेल तर भिंतीतून बारीक केबल येते, तिच्या टोकाला बहुतेक हिरवं कनेक्टर असतं आणि ते कंपनीच्या ओएनटी नावाच्या डब्यात बसतं. त्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ अशी अक्षरं असलेले दिवे असतात. आमच्या राउटरवर हे दिवेच नव्हते. पण ते असायला हवेत, हे आम्हाला सांगणार कोण?

मे महिना बरा गेला. जूनमध्ये जशी बिऱ्हाडं वाढली, तसं रात्री आठनंतर नेट पाच-सहावर यायला लागलं. फोन केला की तो गोड बोलायचा, येतो म्हणायचा, एकदा आलाही आणि राउटर बंद-चालू करून गेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाची एका कंपनीची टेस्ट चालू असताना नेट गेलं ते गेलंच. तो मोबाइलचं नेट जोडेपर्यंत टेस्ट बंद झाली होती. दार लावून तो दोन तास आत बसला होता. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसापासून त्या माणसाचा फोन बंद.

आम्हाला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच झालं. २७ ऑगस्टला पार्किंगमध्ये नव्या इमारतीतला पहिला गणपती बसला. आरतीनंतर प्रसाद वाटताना पाचव्या मजल्यावरच्या काकांनी सहज विचारलं, “तुमच्याकडे नेट चालतंय का हो?” आणि एकेक जण बोलायला लागला. कुणी वर्षाचे भरलेले, कुणी सहा महिन्यांचे. तिथेच एका वहीत नावं लिहिली. ४४ पैकी ३१ घरं झाली.

एव्हाना त्या मोठ्या कंपनीच्या ॲपवर आमची इमारत दिसायला लागली होती. मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून फोन आला, “मॅडम, तुमच्या नावावर या पत्त्यावर आधीच कनेक्शन आहे. दोन महिन्यांची बिलं थकल्यामुळे बंद केलंय. आधी ती भरा.” मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. त्यांनी अर्जाची तारीख सांगितली, ३ एप्रिल.

मग सगळा उलगडा झाला. कंपनीने पाठवलेल्या टेक्निशियनला घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. सुपरवायझरने कुरकुर करत डक्टचं दार उघडलं. आत भिंतीला अडकवलेले तीन ओएनटी, घरात लावायचे साधे डबे.  प्रत्येकाच्या शेजारी एक स्विच, म्हणजे एक लाइन अनेक केबलींत वाटणारा डबा, आणि स्विचमधून निघालेल्या निळ्या केबलींचा गुंता डक्टमधून खाली सोडलेला. एका डब्यावर मार्करने माझा फ्लॅट नंबर लिहिला होता. टेक्निशियनने मुख्य डब्यातली फायबर मीटरला लावली, काट्यावर उणे १९ आलं. “लाइट चांगली येतेय ताई, लाइनला काही झालेलं नाही.” मग तो आमच्या हॉलमध्ये आला आणि ती पांढरी डबी स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत दोन निळ्या केबली एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा तुकडा होता. फायबर नावाचा एक धागासुद्धा नव्हता.

त्याने जे सांगितलं ते असं. ॲपमध्ये इमारतीचं नाव चढायच्या आधीच तिच्यापर्यंत फायबर येऊन पोचलेली असते. केबल ओढणाऱ्या ठेकेदाराकडे काम केलेल्याला ते माहीत असतं, नव्याने राहायला आलेल्याला नसतं. या मधल्या काही आठवड्यांत आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने तीन घरांची आधार आणि ओटीपी वापरून तीनशे एमबीपीएसची तीन घरगुती कनेक्शनं घेतली, ती गच्चीवर बसवली आणि ३१ घरांना वाटली. फायबरवर वाटणी मुळातच असते. साधारण अडीच गिगाबिटची एक लाइन स्प्लिटर, म्हणजे फायबरचे फाटे करणारा भाग, लावून ३२ किंवा ६४ घरांना जाते आणि ते कंपनीच करते. पण एका घराचं कनेक्शन दहा घरांना विकणं वेगळं. इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. सुरुवातीची बिलं त्याने भरली, पैसे गोळा होऊन झाल्यावर सोडून दिली.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची की पाच महिने दहा अनोळखी घरांचं नेट माझ्या नावावर चालू होतं. शेजारी सगळे सज्जन आहेत, पण त्या लाइनवरून कुणी काही गैर केलं असतं तर आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस माझ्याच दारात आले असते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मी आपल्या नावावर काय काय आहे ते शोधलं. तिथे मोबाइलची सिमं दिसली, हे फायबरचं खातं दिसलं नाही. म्हणून ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचा, कुणाच्या नावाने आणि कशासाठी आलाय ते बघा. आणि आधारची अख्खी प्रत देऊ नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फक्त शेवटचे चार अंक दिसणारं आधार उतरवून घेता येतं.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण पैसे गेल्यावर लगेच कळवलं तरच ते बँकेत अडवता येतात. आमचे एप्रिलमध्ये गेलेले, आम्ही कळवलं सप्टेंबरमध्ये. तक्रार नोंदली गेली, पैसे नाही मिळाले. पोलीस ठाण्यात ३१ जणांचा एकत्र अर्ज दिला, प्रत्येकाच्या यूपीआयच्या नोंदीसकट. कंपनीकडे मी तोंडी भांडत बसले नाही, तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतला. पहिल्या उत्तरात त्यांनी ओटीपी तुम्हीच दिलात, बिल तुम्हीच भरा असं कळवलं. मग त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेले, पोलिसांकडच्या अर्जाची पोच आणि गच्चीवरच्या डब्यांचे फोटो जोडले. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पाचव्या आठवड्यात थकबाकी माफ झाल्याचं आणि खातं बंद केल्याचं पत्र आलं. ते नसतं झालं तर ग्राहक आयोगात जायची तयारी होती. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, मला तिथे बरीच मदत झाली.

बिल्डरचं उत्तर आलं, आमचा संबंध नाही. डक्टची किल्ली आता सोसायटीच्या कमिटीकडे असते. कोण वर गेलं, कुठल्या कंपनीचं, कुठल्या फ्लॅटसाठी, हे वहीत लिहिल्याशिवाय ती मिळत नाही.

मागच्या रविवारी भाजी घेऊन येताना आमच्या पलीकडच्या रस्त्यावर नव्या इमारतीचे टेम्पो उतरताना दिसले. गेटपाशी एक मुलगा उभा होता, हातात लॅमिनेट केलेलं पत्रक. तो आमच्याकडे आलेला नव्हता, दुसराच. कदाचित खऱ्या कंपनीचाही असेल. मी वॉचमनला विचारून आत गेले आणि पहिल्या मजल्यावर सामान लावणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी अजून पैसे दिले नव्हते. संध्याकाळी मिस्टरांनी आमचा अनुभव एका कागदावर छापून आणला आणि तिथल्या कमिटी नसलेल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, प्लायवूडवर, चार टाचण्या मारून लावला.