रेडिएशनआधीचं मार्गदर्शन: चार तारे

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सांगितलं (तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय!). सुरू करण्याआधी आमच्या दवाखान्यात घरच्यांनाही बसवून सगळं समजावतात. फार कामी आलं.

मास्कचं काम बघण्यासारखं. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ केला, आधी सासूबाईंच्या तळहातावर टेकवला, "बघा आई, कोमटच आहे ना?" मग मामाजींच्या चेहऱ्यावर ओढून बसवला. काही मिनिटांत कडक! डोकं हलू नये, किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून हा खटाटोप. मग सीटी स्कॅन आणि प्लॅनिंग. दातांच्या डॉक्टरांकडे मात्र त्याआधीच पाठवलं. खराब दात आताच काढायचे, रेडिएशननंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.

सासूबाईंना काळजी नातवाची: आजोबांजवळ झोपू द्यायचं का? सिस्टर म्हणाल्या, खुशाल. मशीनने बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत.

एक तारा कापला तो आहाराच्या कागदासाठी. सगळा इंग्रजीत, त्यात सूप अन् ओट्स. सावजी खाणाऱ्या घराला त्याचं काय! शेवटी आहारतज्ज्ञ मॅडमनी तोंडीच सांगितलं: तिखट बंद, संत्रंही नको, मऊ खिचडी, अंडं, दूध-केळं चालेल. शिवाय भर मे महिन्यात बसायच्या जागेतला कूलर बंद.

महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. पेशंटला समोर बटणं असलेला सैल सुती शर्टच घाला.