अर्थस्पार्क: रोबोटांची मालिका आणि अण्णांची बिजागरी

आधीच सांगून टाकतो, रोबोटांची कार्टूनं म्हणलं की मी जरा लांबच असतो, कारण लहानपणी आमच्या घरात एकच रोबोट होता आणि त्याचा हात तिसऱ्या दिवशी तुटला. पण यंदा पावसाळ्यात शाळेला दोनतीनदा सुट्टी लागली, खाली पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी, पोरगी सात वर्षांची, अकरा वर्षांचा भाचा पण आमच्याकडेच येऊन पडलेला, आणि अण्णा म्हणजे माझे वडील सकाळचा पेपर दोनदा वाचून संपवून बसलेले. भाच्याने टीव्हीला काहीतरी जोडलं आणि ट्रान्सफॉर्मर्सची, म्हणजे गाडीचे रोबोट आणि रोबोटच्या गाड्या होतात त्यांची, अर्थस्पार्क नावाची मालिका लावली. मी आत चहा टाकत होतो. बाहेर आलो तर तिघंही गप्प. आमच्या वारज्याच्या घरात तिघं एकदम गप्प म्हणजे बहुतेक लाईट गेलेली असते.

तर मालिका अगदी कालची नाहीये, अमेरिकेत पॅरामाउंट प्लसवर ११ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाली, हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी आणि निकलोडियन दोघांची मिळून आहे, पहिल्या सीझनचे २६ भाग. पण आमच्यासाठी कोरी करकरीत. तीन दिवसात आठ भाग झाले, नंतर रोज जेवताना एक असं करत सगळा सीझन संपला, आणि मध्ये मध्ये मी मराठीत समालोचन करायचो कारण पोरीला इंग्रजी अर्धं कळतं आणि अण्णांना पाव.

गोष्ट अशी आहे की ऑटोबॉट (चांगले) आणि डिसेप्टिकॉन (वाईट) या रोबोटांच्या दोन टोळ्यांचं ते जुनं युद्ध संपलंय. म्हणजे मालिका सुरू होते तेव्हाच संपलेलं आहे, हे मला पहिल्यांदा कळेचना, मी वाट बघत बसलो की आता मारामारी कधी. युद्ध संपलं खरं पण सायबरट्रॉनला, म्हणजे त्यांच्या ग्रहावर, परत जायचा रस्ताच तुटलाय, त्यामुळे जेवढे रोबोट पृथ्वीवर होते तेवढे इथेच अडकले. इकडे माल्टो नावाचं कुटुंब फिलाडेल्फिया सोडून विटविकी नावाच्या छोट्या गावात राहायला येतं, आई डॉट पूर्वी सैन्यात होती आणि आता जंगल खात्यातल्यासारखी रेंजरची नोकरी, बाप ॲलेक्स रोबोटांचा इतिहास शिकवणारा आणि ऑटोबॉटांचा वेडा फॅन. पोरगा रॉबी शहर सुटलं म्हणून तोंड पाडून बसलेला, धाकटी मो एकदम खुश. ही दोघं एका गुहेत पडतात, तिथे एक चमकणारा दगड असतो त्याला एम्बरस्टोन म्हणतात, आणि त्यातून दोन नवीन रोबोट जन्माला येतात, ट्विच आणि थ्रॅश. पृथ्वीवर जन्मलेले पहिले रोबोट. त्यांना टेरन म्हणतात. पुढे आणखी तीन येतात. आणि हे सगळे माल्टोंच्या गोठ्यात राहतात, गोठा म्हणजे त्यांचं ते लाकडी बार्न, पण मी गोठाच सांगितलं आणि आता पोरगी पण गोठाच म्हणते.

इथे अण्णा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "मंजे ह्यांला गावाकडं जाताच येत नाही व्हय?" मी म्हणलं हो, रस्ता तुटला. "आन ही पोरं हितंच जन्मली?" हो. मग अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

हे कशाला सांगतोय ते सांगतो. अण्णा १९७८ ला बार्शीहून पुण्यात आले, भोसरीला एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर, सगळं आयुष्य तिथे. मी जन्मलो पुण्यात, शिकलो पुण्यात, बार्शीला माझं एकूण राहणं सगळं मिळून वर्षभर पण भरणार नाही. तरी कोणी विचारलं मूळचे कुठले तुम्ही (आणि पुण्यात हे तिसऱ्या वाक्याला विचारतातच), तर तोंडातून बार्शीच निघतं. पोरीला शाळेत विचारलं तर ती म्हणाली वारजे, आणि अण्णा त्या दिवशी जरा दुखावले होते. आता या मालिकेत ट्विच आणि थ्रॅश नेमके याच भानगडीत आहेत. सगळे मोठे रोबोट सायबरट्रॉन सायबरट्रॉन करतात, आमच्याकडे असं होतं, आमच्याकडे तसं होतं, आणि या पोरांनी तो ग्रह बघितलेलाच नाही. ते रोबोट आहेत तर माणसांत पूर्ण बसत नाहीत, इथले आहेत तर रोबोटांत पूर्ण बसत नाहीत. लिहिणाऱ्यांनी अमेरिकेतल्या बाहेरून आलेल्या लोकांचं डोक्यात ठेवून केलं असेल, ॲलेक्स फिलिपिनो वंशाचा दाखवलाय त्यावरून वाटतं तसं, पण ते भोसरीच्या फिटरला बार्शीच्या भगवंताच्या देवळापर्यंत घेऊन गेलं. अण्णांनी त्या रात्री जेवताना पोरीला अर्धा तास गावातल्या रथाबद्दल सांगितलं. तिने मध्येच विचारलं की रथाचं काही बनतं का.

मला सगळ्यात आवडलेला माणूस, म्हणजे रोबोट, मेगाट्रॉन. जुन्या बहुतेक गोष्टींत हा खलनायक, डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या. इथे युद्ध संपवायला तो स्वतः ऑटोबॉटांच्या बाजूला आलाय, आणि आता सगळेच त्याच्याकडे जरा संशयाने बघतात, त्याच्या जुन्या लोकांना तो फितूर वाटतो आणि नव्या लोकांना अजून भीती वाटते. डॉट आणि तो जुने साथीदार, त्या दोघांचे सीन शांत आहेत, कमी बोलतात. डॉटचा एक पाय कृत्रिम आहे आणि मालिका त्याचा काही गाजावाजा करत नाही, ती आपली जंगलात चालत असते, पोरीने एकदा विचारलं, मी सांगितलं, विषय संपला. मेगाट्रॉनचा आवाज रोरी मॅकॅन नावाच्या स्कॉटिश नटाचा आहे, खर्जातला, आमच्या साउंडबारला धाप लागली. ऑटोबॉटांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम, त्याला ॲलन ट्युडिकचा आवाज आहे. जुने लोक यावर नाराज होणार कारण १९८४ पासून ऑप्टिमस म्हणजे पीटर कलन, त्यांनी म्हणे तो आवाज व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या स्वतःच्या भावावरून घेतला होता, ताकदवान पण आरडाओरडा न करणारा. ट्युडिक बरा आहे, नक्कल करायला जात नाही, पण कधी कधी तो सोसायटीच्या चेअरमनसारखा वाटतो. बम्बलबीला डॅनी पुडी, त्याचे वडील भारतीय, आणि हा बम्बलबी बोलतो, सिनेमातल्यासारखं रेडिओ वाजवून काम भागवत नाही म्हणून भाचा खुश. बम्बलबी या पोरांचा मास्तर असतो, आणि मास्तर म्हणून तो भयंकर वैतागलेला आहे, क्लासेसच्या सरांसारखा, बॅच त्याने मागितलेली नव्हती.

नाइटशेड नावाचा एक टेरन आहे, घुबड बनतो. बनतो लिहिलं पण इंग्रजीत तो नाही ती नाही, "दे" (they) म्हणतात. मी समालोचनात "ते" म्हणायला लागलो, तर पोरगी म्हणे ते म्हणजे आजोबांसारखं का, मोठे आहेत का ते. म्हणलं नाही गं, सगळ्यात लहानांतलेच. मग ते का? मराठीत ते म्हणजे आदरार्थी पण आणि नपुंसकलिंगी पण, माझी पूर्ण गोची झाली. शेवटी तिने स्वतःच ठरवलं की घुबड हुशार असतं म्हणून त्याला अहो-जाहो करायचं. आता आमच्या घरात एका कार्टूनमधल्या घुबडाला मान आहे आणि मला नाही.

आता अण्णांची तक्रार. फिटर माणूस, ते प्रत्येक वेळी विचारणार की चाक कुठं गेलं. आणि खरं सांगू का, या बाबतीत ही मालिका जुन्यापेक्षा बरी आहे पण प्रामाणिक नाही. ऑप्टिमस चपट्या तोंडाच्या लाल-निळ्या ट्रकचा रोबोट होतो, आपल्याकडे कात्रज-देहूरोड बायपासला असतात तसल्या तोंडाचा, त्यामुळे अण्णांना तो लगेच जवळचा वाटला, पण पत्रा नेमका कुठून दुमडला ते दिसायच्या आत कॅमेरा फिरतो. जुन्या कार्टूनमध्ये तर ऑप्टिमसचा ट्रेलरच गायब व्हायचा, रोबोट झाला की ट्रेलर नाही, ट्रक झाला की परत हजर.

त्याचं कारण भारी आहे आणि मला हे भाच्याला सांगताना मजा आली. हे सगळं प्रकरण आधी खेळणं आहे, गोष्ट त्याला नंतर चिकटवलीय. जपानच्या टाकारा कंपनीच्या खेळण्यांची दोन वेगवेगळी घराणी होती, डायाक्लोन आणि मायक्रो चेंज. डायाक्लोनमध्ये गाड्या होत्या आणि आत बसायला बोटाच्या पेराएवढा छोटा माणूस, म्हणजे रोबोट नुसतं यंत्र, चालवणारा माणूस. मायक्रो चेंजमध्ये घरातल्या वस्तू होत्या खऱ्या मापाच्या, टेपरेकॉर्डर, बंदूक असलं. हॅस्ब्रोने दोन्ही उचलली, एकाच खोक्यात घातली, आतला माणूस काढून टाकला आणि म्हणाले रोबोटच जिवंत आहेत. मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले, सप्टेंबर १९८४ ला कार्टून सुरू. म्हणून ऑप्टिमस ट्रक आणि त्याचा कट्टर शत्रू मेगाट्रॉन हातात मावणारी बंदूक, मापाचा काही ताळमेळच नाही, कारण दोघं वेगळ्या घरचे. अण्णा म्हणाले दोन ड्रॉइंगं एकावर एक ठेवून जॉब काढला की असंच होतं.

आणि खेळणं आधी असल्याचा तोटा १९८६ ला दिसला, तेव्हाच्या सिनेमात नवीन माल दुकानात मांडायचा म्हणून जुने रोबोट सरळ मारून टाकले, ऑप्टिमससकट. थेटरात पोरं रडली. पुढच्या वर्षी मालिकेत त्याला परत जिवंत करावं लागलं. अर्थस्पार्कमध्ये पण विक्रीचा वास येतोच, दर काही भागांनी कोणीतरी नवीन येतो, अंगावर स्वच्छ रंग, दोन मिनिटं उभा राहतो की बघा मला नीट. पण माल्टोंचं घर मध्ये असल्यामुळे ते खपून जातं.

खपत नाही ते मॅनड्रॉइड. स्वतःच्या अंगाला रोबोटांचे तुकडे जोडून घेतलेला शास्त्रज्ञ, याला ट्रान्सफॉर्मर्सचा राग आहे, का आहे ते कळतं, पण तो येतो, भाषण देतो, हरतो, परत येतो. सीझनच्या मधल्या भागात मी दोनदा भांडी घासून आलो आणि काही चुकलं नाही. उलट घोस्ट नावाची ती सरकारी संघटना, जी उरलेल्या डिसेप्टिकॉनांना पकडून डांबून ठेवते, ती जास्त भीतीदायक आहे, गोड बोलणारे लोक आणि फाइली. त्याचं पुढे काय होतं ते सांगत नाही. विनोद पण जरा जास्तच आहेत, कोणी पडलं की लगेच कोणीतरी काहीतरी बोललंच पाहिजे असा नियम असल्यासारखे. हॅशटॅग नावाची एक टेरन आहे, नावावरूनच कळतं ना की चाळिशीच्या लोकांनी मीटिंगमध्ये ठरवलंय पोरांना काय आवडतं ते. भाचा म्हणाला मामा आता हॅशटॅग कोणी म्हणत नाही. आणि माणसांचे चेहरे! रोबोट मस्त, धातूवर ऊन पडलेलं छान दिसतं, पण माणसं तुळशीबागेतल्या बाहुल्यांसारखी गुळगुळीत.

खेळण्यांबद्दल थोडं, कारण शेवटी तिकडेच गाडी जाते. मालिका संपायच्या आत पोरीला थ्रॅश पाहिजे होता, तो मोटरसायकल बनतो आणि शेजारी साइडकार, शोलेफेम. पेठेतल्या एका दुकानात गेलो, दुकानदार म्हणाला सेम टू सेम आहे, ३५० रुपये. खोक्यावर ट्रान्सफॉर्मर्सचं स्पेलिंग एक अक्षर कमी. बघून पण घेतलं, चूक माझी. घरी आणल्यावर चौथ्या वेळेला गाडी करताना खांद्याची पिन तुटली, परत घेऊन गेलो तर म्हणे वापरलेला माल परत नाही, आणि वरून मलाच की मुलांना जपून खेळायला शिकवा. मग अण्णांनी चष्मा लावला, बाल्कनीतला छोटा व्हाइस काढला, सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून कानसीने घासून पिन बनवली आणि ठोकून बसवली. म्हणाले सगळा खेळ बिजागरीचा आहे, प्ले, म्हणजे ढिलेपणा, जास्त ठेवला की हात लोंबकळतो, कमी ठेवला की प्लास्टिक तडकतं, आणि यांनी दोन्ही केलंय. नंतर भाच्याच्या वाढदिवसाला खरा घेतला, स्पिन चेंजरवाला ऑप्टिमस, त्याच्याबरोबर रॉबीचा छोटा पुतळा येतो, तो बसवून फिरवला की ट्रकचा रोबोट होतो. महाग आहे, पण अण्णांनी उलटासुलटा करून बघितला आणि नुसतं हं म्हणाले. टूलरूममध्ये हं म्हणजे पास.

लहान पोरांना जुनी खोकी, म्हणजे दहा पंधरा स्टेपची असतात ती, घेऊन देऊ नका, रात्री साडेदहाला तुम्हीच जमिनीवर बसून गुडघा कुठं घालायचा ते शोधत बसाल. एका झटक्यात बदलणारे मिळतात ते घ्या. मालिका सहा-सात वर्षांपासून पुढे चालेल, त्याच्या खाली मॅनड्रॉइड रात्री स्वप्नात येऊ शकतो. पहिले दोन भाग सलग बघा, एकच गोष्ट दोन तुकड्यात आहे, पहिल्यावर थांबलात तर काहीच झालं नाही असं वाटेल.

दुसऱ्या सीझनचे दोनच भाग बघून झालेत, त्याच्यावर आत्ता काही बोलत नाही. परवा अण्णांनी स्वतःहून विचारलं, त्या मेगाट्रॉनचं पुढं काय झालं रे. म्हणलं गणपती होऊ द्या, मग लावू. तर म्हणाले गणपतीला पोरं घरीच असत्यात की.