उणे ३० च्या थंडीत कोणतं ऑइल, कोणता फिल्टर: मोबिल १ ची दोन ऑइलं आणि मान-फिल्टर

मोबिल १ ईएसपी ०डब्ल्यू-३० आणि मोबिल १ एफएस ०डब्ल्यू-४० हे दोन डबे शेजारी ठेवले, तर थंडीबद्दल दोघांवर एकच गोष्ट लिहिलेली दिसते: ०डब्ल्यू. तरीही एकाच्या जागी दुसरं ओतलं तर एखाद्या डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) राखेने अकाली भरत जातो, आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. थंड प्रदेशात ऑइल निवडताना बहुतेकांची नजर पुढच्या बाजूच्या मोठ्या आकड्यावरच अडते. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचलीच पाहिजेत.

आधी त्या मोठ्या आकड्याबद्दल. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. डॅशनंतरचा ३० किंवा ४० हा तापलेल्या ऑइलचा दाटपणा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे३०० या मानकातल्या दोन चाचण्यांवरून ठरतो. पहिली चाचणी स्टार्टरने इंजिन फिरेल का ते बघते: ०डब्ल्यू ऑइलचा दाटपणा उणे ३५ अंशांना ६,२०० मिलिपास्कल-सेकंदांच्या (दाटपणाचं एकक) आत हवा, ५डब्ल्यूचा उणे ३० ला ६,६०० च्या आत, १०डब्ल्यूचा उणे २५ ला ७,००० च्या आत. दुसरी चाचणी आणखी पाच अंश खाली होते. पंप ऑइल ओढू शकेल का, हे ती बघते, आणि तिथे सगळ्यांना मर्यादा एकच, ६०,०००. म्हणजे ०डब्ल्यूची ही परीक्षा उणे ४० ला होते आणि ५डब्ल्यूची उणे ३५ ला.

या दोन्हींत दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. इंजिन फिरलंच नाही तर गाडी जागेवर राहते, नुकसान काही होत नाही. पण इंजिन सुरू झालं आणि ऑइल वर चढलंच नाही, तर कॅमशाफ्ट आणि बेअरिंगं कोरडी फिरतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साऊथ डकोटातल्या सू फॉल्स भागात हेच घडलं. ऑइल त्या काळच्या चाचण्यांत पास झालेलं होतं, पण थंडी हळूहळू उतरत गेली तशी त्यात मेणाची जाळी धरली. पंपाने जाळीभोवतालचं ऑइल ओढून घेतलं, तिथे खळगा पडला आणि बाजूचं ऑइल त्या खळग्यात सरकलंच नाही. त्यानंतर चाचणीची पद्धत बदलली. आता नमुना ८० अंशांना तापवून जवळजवळ दोन दिवस हळूहळू थंड करतात आणि मग मोजतात.

म्हणूनच ऑइलच्या बाटल्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून ‘कोणतं आधी ओघळतं’ दाखवणाऱ्या व्हिडिओंवर निवड करू नका. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो; तिथे १०डब्ल्यूसुद्धा छान वाहतं. डब्यावर ठळक छापलेला पोअर पॉइंटही तसाच फसवा. त्या तापमानाला ऑइल जेमतेम हलतं एवढाच त्याचा अर्थ, पंपातून जाईल असा नव्हे.

ज्या ठिकाणी पारा उणे २५ च्या खाली क्वचितच जातो, तिथे चांगलं ५डब्ल्यू-३० पुरतं. ०डब्ल्यूवर जास्तीचा खर्च करून फारसं काही मिळत नाही. उणे ३० वारंवार दिसत असेल, गाडी उघड्यावर उभी राहत असेल, बॅटरी जुनी असेल, तर ०डब्ल्यूच घ्या. उणे ४० च्या खाली मात्र कोणत्याही ऑइलच्या भरवशावर राहू नका, ब्लॉक हीटर लागतोच.

आता दोन डब्यांकडे. ईएसपी ०डब्ल्यू-३० वर एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेची मानकं सी२ आणि सी३, आणि कंपन्यांच्या मान्यता: मर्सिडीजचं २२९.५२, फोक्सवागनचं ५०४ ००/५०७ ०० आणि पोर्शचं सी३० आहे. सी३ म्हणजे सल्फेटेड राख (ऑइल जळल्यावर उरणारी) ०.८ टक्क्यांच्या आत, आणि १५० अंशांच्या एचटीएचएस (जास्त तापमान, जोरदार रगड) चाचणीत दाटपणा किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीला आणि जीपीएफ (तसाच काजळीचा फिल्टर) असलेल्या पेट्रोल गाडीला हेच लागतं. थंडीतल्या आधुनिक युरोपीय गाड्यांसाठी या दोघांत आमची पसंती यालाच. सकाळी पटकन पातळ होतं आणि हायवेवर इंजिन तापल्यावरही ऑइलचा थर टिकवून ठेवतं. एक उणीव मात्र आहे. राख कमी ठेवायची तर आम्ल मारणारे क्षारही कमीच घालता येतात, त्यामुळे जिथे इंधनात गंधक जास्त आहे तिथे लांबलचक अंतराने ऑइल बदलणं या डब्याला झेपत नाही. अंतर निम्म्यावर आणा.

एफएस ०डब्ल्यू-४० ची जात वेगळी. एसीईए ए३/बी४, मर्सिडीज २२९.५, पोर्श ए४०. राख जास्त, क्षार जास्त. ज्यांच्या पुस्तिकेत हीच मान्यता लिहिली आहे अशा, विशेषतः थोड्या जुन्या, पेट्रोल इंजिनांना हे उत्तम. डीपीएफच्या गाडीत अजिबात नको. आणि ‘४० म्हणजे जास्त संरक्षण’ समजून जे इंजिन ३० किंवा २० मागतं त्यात घालू नका: ०डब्ल्यू असूनही, शून्य ते उणे १५ च्या रोजच्या थंडीत ४० चं ऑइल सहसा ३० पेक्षा दाटच असतं. शिवाय ० ते ४० एवढा पल्ला गाठायला, तापल्यावर दाटपणा टिकवणारा पॉलिमर जास्त लागतो, आणि वापरात हाच पॉलिमर तुटतो.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट. फोक्सवागनचं ५०८ ०० मागणारी इंजिनं ०डब्ल्यू-२० वर चालतात. त्या ऑइलचा रंग हिरवट असतो म्हणून ते ओळखू येतं. ५०४ ०० मागणाऱ्या जुन्या इंजिनात ते ‘आणखी पातळ, म्हणजे थंडीला आणखी चांगलं’ म्हणून ओतायचं नाही. तापल्यावर त्याचा थर त्या बेअरिंगांना कमी पडतो.

फिल्टरकडे तर जवळजवळ कोणीच थंडीच्या नजरेने बघत नाही. ऑइल दाट असताना कागदातून ते जाताना दाब वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं. कोरडं राहण्यापेक्षा ते बरं, म्हणून तशी सोय केलेली असते. पण १५डब्ल्यू ऑइल आणि अर्धा चोंदलेला फिल्टर अशी जोडी असेल, तर हिवाळ्यातल्या प्रत्येक सकाळी किती तरी मिनिटं मळकट ऑइलच फिरत राहतं. त्यामुळे हिवाळा तोंडावर आला की फिल्टर बदलून घ्या, किलोमीटर पुरे झाले नसले तरी.

मान-फिल्टर या जर्मन ब्रँडचे ‘डब्ल्यू’ने सुरू होणारे क्रमांक म्हणजे पत्र्याच्या डब्याचे, फिरवून बसवायचे फिल्टर, डब्ल्यू ७१२/९५ हा त्यातला, फोक्सवागन गटाच्या छोट्या टीएसआय पेट्रोल इंजिनांचा. ‘एचयू’ म्हणजे धातू नसलेली नुसती कागदी कांडी, जशी २.० टीडीआय डिझेल इंजिनाची एचयू ७००८ झेड. (इथला डब्ल्यू आणि ऑइलवरचा डब्ल्यू यांचा एकमेकांशी संबंध नाही, गल्लत करू नका.) कांडीचा फायदा उघड आहे: घड्या सरळ दिसतात, जुनी कांडी उघडून धातूचा कीस तपासता येतो, आणि सोबत नवी ओरिंग मिळते.

पत्र्याचा फिल्टर कोणत्याही कंपनीचा असो, विकत घेण्याआधी बाजूच्या छोट्या भोकांतून आत बघा. आतली रबराची चकती म्हणजे अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये, हे तिचं काम. ती नायट्राइल रबराची असेल तर बहुधा काळी, सिलिकॉनची असेल तर बहुधा नारिंगी किंवा लाल. रंगाची हमी नाही, पण अंदाज येतो. नायट्राइल उणे ३० च्या पुढे कडक होत जातं आणि इंजिनाच्या उष्णतेनेही वयाबरोबर ताठरतं. सिलिकॉन उणे ५० लाही लवचिक राहतं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चकती हलकेच दाबा: सोडल्याबरोबर ती परत बसली पाहिजे. ही चकती गळकी असली की सकाळी सुरू करताना वरून दोन-तीन सेकंद टकटक ऐकू येते. त्या वेळी दोष ऑइलला दिला जातो आणि माणसं उगाच दाट ऑइल घालून बसतात.

बदलताना इंजिन गरम हवं. थंड ऑइल काढलं तर इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ तिथेच राहतो. ड्रेन बोल्ट काढून पंधरा मिनिटं निथळू द्या, वॉशर नवीन घाला. जुना फिल्टर उतरला की त्याचं गॅस्केट सोबत आलंय का ते बोटाने चाचपून बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन बसलं, तर पहिल्या थंड सकाळी, जेव्हा ऑइलचा दाब सर्वांत जास्त असतो, दुहेरी गॅस्केट बाहेर फेकलं जातं आणि अख्खं ऑइल जमिनीवर येतं. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट फिरवा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस. पाना लावायचा नाही. कांडीच्या प्लॅस्टिक झाकणावर टॉर्क छापलेला असतो, बहुतेक वेळा २५ न्यूटन-मीटर. गोठवणाऱ्या थंडीत त्यावर इम्पॅक्ट गन चालवली की झाकण तडकतं. ऑइल एकूण मापाच्या थोडं कमी भरा, अर्धा मिनिट इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं घाला.

हिवाळाभर ती डिपस्टिक आठवड्याला एकदा बघत जा. घर ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, आणि पेट्रोल व पाणी त्यातच साठत राहतं. पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, बदला. डिझेलमध्ये डीपीएफची साफसफाई अर्धवट राहिली की हेच होतं, आणि डिझेल तर पेट्रोलसारखं उडूनही जात नाही. फिलर कॅपखाली पांढुरका फेस दिसला म्हणून घाबरू नका, तो दमटपणा आहे. अर्धा तास हायवेवर चालवली की बहुतेक जातो. तोच फेस डिपस्टिकवरही असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.

एअर फिल्टर बर्फाच्या भुकटीने ओला होतो. वादळानंतर झाकण उघडून कागद हाताला ओला लागतोय का बघा. केबिन फिल्टर दमट झाला की काचा आतून धुरकटतात. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी थंडी पडण्याआधी खालच्या नळीतून काढून टाका, नाहीतर तेच गोठून वाट अडवतं. आणि टाकीत उन्हाळ्याचं डिझेल उरलेलं असेल, तर नवा फिल्टरसुद्धा मेणाने एका रात्रीत चोंदतो. इथे फिल्टर बदलून काही होत नाही. हिवाळी डिझेल आधीच भरा आणि ते फिल्टरपर्यंत पोचेल एवढी गाडी चालवा.