पोलादाचा दर: निर्यातीवर शुल्क की आयातीवर?

६ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ४७.१ किलो. किलोमागे पाच रुपये चढले की तेवढ्याच तुकड्यावर २३५ रुपये जादा. सांगलीजवळच्या कुपवाडच्या फॅब्रिकेशनवाल्याचा नफा बहुतेक वेळा तिथेच संपतो. हा दर वळवायला केंद्राने दोन उलटे मार्ग वापरलेत.

मे २०२२ मध्ये बऱ्याच पोलादी मालाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क बसलं. माल देशात थांबला, भाव उतरले, ट्रेलर-टाक्या बनवणाऱ्यांना हायसं वाटलं. नोव्हेंबरात शुल्क काढलंही. सहा महिन्यांत फिरणाऱ्या धोरणाच्या भरवशावर नवी भट्टी कोण उभारेल?

एप्रिल २०२५ मध्ये आयात होणाऱ्या कॉइल, प्लेट वगैरे सपाट मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड ड्युटी, म्हणजे देशी उद्योगाला सावरण्यासाठीचं तात्पुरतं आयात शुल्क, लागली. यात मोठ्या कारखान्यांना आधार मिळतो. पण देशी पत्र्याचा दर आयात मालाच्या पोहोच किमतीकडे (शुल्क धरून इथे पडणाऱ्या किमतीकडे) बघूनच ठरतो, म्हणून परदेशी कॉइल कधीच न घेणाऱ्या मिरजेच्या वर्कशॉपलाही झळ बसते. सळई त्यात नव्हती, त्यामुळे साताऱ्यात घर बांधणाऱ्यावर थेट बोजा नाही.

आमचं मत दुसऱ्या, म्हणजे आयात शुल्काच्या मार्गाकडे झुकतं, मात्र मुदत आणि दरवर्षीची घट आधीच जाहीर हवी. शिवाय लघुउद्योगांना कारखान्याच्या दरात माल मिळायला हवा. तोवर वर्कशॉपवाल्यांनी कोटेशनची मुदत सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ऑर्डरमध्ये दरफरकाचं कलम लिहून घ्यावं. पत्रा ग्राहकाच्या आगाऊ रकमेतूनच उचलावा.